रेडिएटरमधली हळद

तापमानाचा काटा मधल्या रेषेच्या वर सरकला, तेव्हा सोहमने तो पाहिलाच नाही असं केलं. कूलगार्डी मागे पडून बराच वेळ झाला होता. नुकतं वर आलेलं ऊन पाठीमागून येत होतं आणि गाडीची सावली गाडीच्या पुढे पळत होती. मागच्या सीटवर त्याची बायको मेधा मांडीवर कागद पसरून ओठांतल्या ओठांत घोकत बसली होती. पुढे बस म्हटलं तर म्हणाली होती, "नको, तू गप्पा मारत बसशील."

काट्याने दुसऱ्यांदा उडी घेतली तेव्हा मात्र तो पाहावाच लागला. सोहमने हळूच एसी बंद केला आणि हीटर पूर्ण सोडला.

"सोहम," थोड्या वेळाने मागून आवाज आला, "मला एवढा घाम का येतोय?"

"हीटर लावलाय."

"डिसेंबरात? भर उन्हाळ्यात?"

"इंजिनाची उष्णता आत ओढून घेतोय. तेवढाच त्याला आराम."

"म्हणजे गाडी तापलीये."

"थोडी."

"थोडी म्हणजे किती? पेशंटने असं सांगितलं तर मी ऐकून घेत नाही."

"शंभरावर आहे, डॉक्टर. पुढे थांबायची जागा आहे, तिथं बघू."

मेधा हसली. आज ती हसत होती, हेच सोहमला फार वाटत होतं. ती मिरजेची डॉक्टर. इथं आल्यापासून कालगुर्लीच्या वृद्धाश्रमात म्हाताऱ्यांना अंघोळी घालत होती, घास भरवत होती. इथल्या डॉक्टरांच्या परीक्षा ती केव्हाच पास झाली होती. पण पहिली नोकरी मिळाल्याशिवाय परवाना मिळत नाही आणि अनुभव नसेल त्याला पहिली नोकरी कुणी देत नाही. अर्जांमागून अर्ज गेले. बहुतेकांना उत्तरच आलं नाही, ज्यांची आली त्यांत खेद होता. आणि जसजशी वर्षं जात होती तसतसा पुढचा अर्ज आणखी फिका पडत होता, कारण प्रत्येक ठिकाणी पहिला प्रश्न एकच असायचा, शेवटचा पेशंट कधी तपासलात? या तीन वर्षांत पहिल्यांदाच कुणीतरी तिला भेटायला बोलावलं होतं. पर्थमधलं एक हॉस्पिटल. आज दुपारी दोन वाजता. प्रत्यक्ष यावं, असं पत्रात स्पष्ट लिहिलं होतं.

कालगुर्लीहून पर्थ सहाशे किलोमीटर. विमानाचं नावही दोघांनी काढलं नव्हतं. पण ट्रेन होती. मेधा आठवड्यापूर्वीच म्हणाली होती, "आदल्या दिवशी दुपारच्या ट्रेनने जाते, रात्री सरिताकडे झोपते, सकाळी आरामात आवरते." सरिता तिची मिरजेच्या कॉलेजातली सीनियर, पर्थला स्थायिक झालेली.

"कशाला?" सोहम म्हणाला होता. "मी आहे ना. घरातून निघून थेट हॉस्पिटलच्या दारात सोडतो तुला."

तिकीट फारसं महाग नव्हतं. खरं सांगायचं तर पेट्रोलपेक्षा ते स्वस्तच पडलं असतं. पण सोहम क्लेटनच्या विद्यापीठातून मेकॅनिकलमध्ये मास्टर्स करून, खाणीतल्या नोकरीच्या भरवशावर कालगुर्लीला आला होता, ती नोकरी दीड वर्षात गेली होती आणि आता तो एका गोदामात फोर्कलिफ्ट चालवत होता, तेही ज्या दिवशी बोलावतील त्या दिवशी. घर मेधाच्या शिफ्टांवर चालत होतं. उद्या ती डॉक्टर झाली तर त्या होण्यात आपलाही हात असावा, निदान तिला तिथवर नेऊन सोडणारा हात तरी, एवढीच त्याची इच्छा होती. ती त्याने तिला सांगितली नव्हती.

आणखी एक गोष्ट सांगितली नव्हती. महिनाभरापूर्वी गाडीतून पाक उकळल्यासारखा गोडसर वास येऊ लागला होता. त्याने बॉनेट उघडून पाहिलं, तर रेडिएटरच्या वरच्या प्लास्टिकच्या टाकीला केसाएवढी भेग होती आणि तिच्या कडेने हिरवट थर सुकला होता. गॅरेजवाल्याने एका नजरेत सांगितलं, नवा रेडिएटर घाल. आकडा ऐकून सोहम म्हणाला, "जानेवारीत बघतो." तेव्हापासून तो दर दोन दिवसांनी गुपचूप पाण्याची पातळी बघायचा आणि कमी झालेलं भरायचा. गावातल्या गावात ते चालून गेलं होतं.

थांब्यावर दुसरी गाडी नव्हती. एक सिमेंटचं बाक, एक कचऱ्याचा डबा आणि माश्या. इंजिन निवेपर्यंत दोघं बाकावर बसली. मेधाने डब्यातून थालीपीठ काढलं, त्याला दिलं, स्वतः नुसता तुकडा मोडला. मग सोहमने टॉवेल दुमडून रेडिएटरचं झाकण हळूहळू फिरवलं. पाणी अर्ध्यावर आलं होतं. त्याने कॅनमधलं पाणी ओतलं आणि वाकून पाहत राहिला. भेग आता बोटभर लांब झाली होती. तिच्यातून थेंब फुगायचा, लोंबायचा, सुटायचा. लगेच दुसरा.

"हे आजचं नाहीये," मेधा मागून म्हणाली.

"कसं कळलं?"

"कडेला खपली धरलीये ना. जुनी जखम आहे ही." तिने त्याच्याकडे पाहिलं. "तुला माहीत होतं?"

"थोडंसं."

आज तिला भांडायचं नव्हतं. तिने कागद आवरले, घड्याळ पाहिलं आणि म्हणाली, "आता काय करायचं ते सांग."

सोहमला त्या क्षणी दादा आठवले. त्याचे वडील. लहानपणी रत्नागिरीला जाताना आंबा घाटात त्यांची जुनी फियाट अशीच तापून उभी राहिली होती. दादांनी चहाच्या टपरीवरल्या बाईकडून चमचाभर हळद मागून घेतली आणि रेडिएटरमध्ये टाकली. आई म्हणाली होती, आता दूधही घाला. पण गळती थांबली होती, आणि गाडी रत्नागिरीला जाऊन परत कोल्हापूरला आली होती.

"सरिताची हळद कुठंय?"

"काय?"

"तुझ्या आईने पाठवलेली. सरितासाठी घेतलीयेस ना?"

मेधाच्या आईला सांगलीशिवाय जगात कुठे हळद मिळते हे मान्य नव्हतं. कुणी येणारं भेटलं की ती अर्ध्या किलोचं पुडकं धाडायची, दुधाच्या पिशवीत, वर आणखी एक पिशवी, वर दोरा. त्यातलं एक सरितासाठी मागच्या सीटवर होतं. मेधाने ते उचललं आणि छातीशी धरलं.

"सोहम, ही खायची हळद आहे."

"पूड बारीक असते, पाण्याबरोबर भेगेत जाऊन बसते. फुगते. बूच बसल्यासारखं."

"हे क्लेटनला कुठल्या सेमिस्टरला होतं?"

"दादांच्या सेमिस्टरला."

ती खळखळून हसली आणि पुडकं त्याच्या हातात दिलं. "घाल. जखमेवर हळद घालतोयस, मी नाही कशी म्हणू?"

दादांनी चमचा घातला होता. पण दादांना घाट तेवढा उतरायचा होता. सोहमने अंदाजाने मूठभर घातली, थोडा विचार केला, आणि आणखी मूठभर घातली. इंजिन चालू केलं. दोघं बॉनेटवर वाकून थेंबाकडे पाहत राहिली. थेंब पिवळा झाला. मग तो सुटायला वेळ घेऊ लागला. मग फुगलाच, पण सुटला नाही.

"थांबलं," मेधा कुजबुजली, जणू मोठ्याने बोललं तर ते पुन्हा सुरू होईल.

यानंतर ती पुढे येऊन बसली. काटा मधोमध होता, खिळा ठोकल्यासारखा. सोहमने दादांची नक्कल केली, आईची केली. मेधाने त्याला पेशंट व्हायला लावलं आणि इंग्रजीतून प्रश्न विचारले, आणि तो मुद्दाम कालगुर्लीच्या म्हाताऱ्यांसारखी उत्तरं देत राहिला, "कान्ट कम्प्लेन, लव्ह, कान्ट कम्प्लेन." सदर्न क्रॉस हे गाव येईपर्यंतचा तो सगळा रस्ता पुढे सोहमच्या मनात फार स्पष्ट राहिला.

सदर्न क्रॉसच्या पेट्रोल पंपावर त्याने पुन्हा झाकण उघडलं. पाणी किंचित उतरलं होतं. किंचितच. पण अजून साडेतीनशेच्या वर किलोमीटर जायचे होते आणि आज कशातही त्याला उणं ठेवायचं नव्हतं. खात्रीसाठी म्हणून त्याने उरलेली हळद पुडकं झटकून आत टाकली.

शेजारी एक कॅरॅव्हॅन, फिरतं घर जोडलेली गाडी, उभी होती. त्यातल्या जोडप्यातला नवरा काच पुसत होता. बायको, साठी उलटलेली, उन्हाची टोपी घातलेली, हातात चहाचा थर्मास घेऊन जवळ आली आणि रेडिएटरमध्ये डोकावली.

"ते काय आहे, मोहरी?"

मेधाने तिला हळदीचं सांगितलं. बाईचं नाव शर्ली. तिने नवऱ्याला, रॉनला, हाक मारून दाखवलं, तो आश्चर्याने "वेल, आय नेव्हर" म्हणाला. बोलता बोलता मुलाखतीचं निघालं. शर्लीने घड्याळ पाहिलं, पिवळ्या पाण्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "आम्ही पर्थलाच चाललोय. रॉन सावकाश चालवतो, पण एकपर्यंत पोचतो. मागे एक सीट मोकळी आहे. येतेस का?"

मेधाने गाडीतून आपली बॅग नुकतीच उचलून खांद्याला लावली होती, स्वच्छतागृहात जाण्यासाठी. ती तशीच उभी राहिली.

"नो नो," सोहम म्हणाला, "थँक यू, पण तुम्हाला कशाला त्रास. नो वरीज. वुई आर फाइन."

हे त्याने ठरवून म्हटलं नव्हतं. त्याच्या घरात पाहुण्याने चहाला पहिल्यांदा नको म्हणायचं असतं. यजमान म्हणतो, असं कसं, घ्याच. पाहुणा म्हणतो, आत्ताच झाला. मग यजमान कप पुढे सारतो आणि पाहुणा घेतो. पहिल्या बोलावण्याला हो म्हणणारा माणूस हावरा. सोहमने नको म्हटलं आणि शर्लीच्या तोंडाकडे पाहत राहिला. त्याचं अर्धं मन दुसऱ्यांदा विचारण्याची वाट पाहत होतं.

"फेअर इनफ," शर्ली म्हणाली. "गुड लक, लव्ह." तिने मेधाच्या दंडावर हात ठेवला, थर्मासचं झाकण लावलं आणि गेली. कॅरॅव्हॅन हलली, वळली, रस्त्याला लागली.

गाव मागे पडलं.

"तू नको का म्हणालास?" मेधाने विचारलं.

"तिने परत विचारलंच नाही."

"मीसुद्धा थांबले होते," ती म्हणाली. "म्हटलं, परत म्हणाली की जाईन."

मग दोघांनाही हसू आलं. खूप आलं. इतकी वर्षं या देशात राहून आपण अजून आग्रहाची वाट बघतो म्हणून आलं. हसता हसता सोहमची नजर काट्यावर गेली.

या वेळी काटा सरकला नाही, चढला. त्याने हीटर सोडला, वेग कमी केला, खिडक्या उघडल्या. दोन्ही बाजूंना कापणी झालेल्या गव्हाची शेतं क्षितिजापर्यंत पसरली होती, झाड एखादंच. काटा लाल पट्टीत शिरला तेव्हा बॉनेटच्या फटीतून वाफ निघाली. तो कडेला थांबला. काहीतरी दबक्या आवाजात खडखडलं आणि गाडी आपणहून बंद पडली.

खाली उतरून त्याने आधी भेग पाहिली. कोरडी. एक थेंब नव्हता. मग त्याने लांबून बोट टेकवून पाइप तपासले. रेडिएटरकडे येणारा वरचा पाइप चटका बसेल इतका तापला होता. खालचा, रेडिएटरमधून इंजिनाकडे जाणारा, जवळजवळ गार होता. सोहम इंजिनियर होता, याचा अर्थ कळायला त्याला वेळ लागला नाही. पाणी रेडिएटरमधून जातच नव्हतं. हळदीने भेग बुजवली होती आणि मग आतल्या बारीक नळ्याही बुजवल्या होत्या. गळती बंद झाली होती. सगळंच बंद झालं होतं.

"काय झालंय?" मेधाने विचारलं.

"चोंदलाय. धुऊन काढतो. पाणी आहे अजून."

"किती वेळ?"

"अर्धा तास. नक्की."

"निवू दे आधी."

"निवलंय."

"सोहम, थांब..."

तो थांबला नाही. त्याने टॉवेलने झाकण फिरवलं आणि पिवळा फवारा उसळला. तो मागे झाला, पण मनगट आणि तळहात सापडले. त्याचा आवाजही नीट फुटला नाही. मेधाने त्याला ओढून मागच्या दाराशी बसवलं, त्याचं घड्याळ काढलं, आणि कॅनमधलं पाणी त्याच्या हातावर धरलं, बारीक धार, न थांबता.

"ते पाणी नको," सोहम म्हणाला. "ते रेडिएटरला..."

"गप्प बस."

"मेधा, तेवढंच आहे."

"माहीत आहे मला किती आहे."

ती धार धरून बसली. बराच वेळ. एका हाताने त्याचं कोपर उचलून धरलं होतं आणि दुसऱ्या हाताने कॅन. कॅन संपला तेव्हा तिने प्यायची बाटली घेतली. त्याच्या हातावरून ओघळणारं पिवळं पाणी तिच्या पांढऱ्या शर्टाच्या बाहीत शिरत होतं. तो शर्ट तिने काल रात्री इस्त्री केला होता, आज वर टॉवेल घालून बसली होती, चुरगळू नये म्हणून. दोघांनीही बाहीकडे पाहिलं आणि पाहिलं नाही असं केलं.

रस्त्याच्या एका अंगाला रूळ होते आणि दुसऱ्या अंगाला कंबरभर उंचीवरून जाणारा जाड पांढरा पाइप. तो पाइप पर्थजवळच्या धरणातून निघतो आणि या सगळ्या कोरड्या मुलखातून कालगुर्लीपर्यंत पाणी नेतो. पूर्ण रस्ताभर तो त्यांच्यासोबत होता. आता सोहम त्याच्याकडे बघत बसला. हातभर अंतरावर पाणी होतं, आणि तिथं नळ नव्हता.

कालगुर्लीची आजची ट्रेन मागून आली आणि निघून गेली. काचेआड एक मुलगी त्यांना हात हलवत होती. मेधानेही हात हलवला.

यानंतर तिने रस्त्यावर उभं राहून गाड्यांना हात केले. पण येणाऱ्या गाड्या थोड्या होत्या आणि बहुतेक उलट्या दिशेच्या. एक ट्रक लांब हॉर्न देऊन गेला. दोनपर्यंत पर्थला पोचायचं तर आता निघायला हवं होतं, आणि मग ते 'आता'ही टळून गेलं. मेधा परत आली, फोन काढला.

"नेटवर्क नाहीये," ती म्हणाली. तिचा चेहरा अगदी शांत होता. "त्यांना कळवायला तरी हवं."

सोहमने डाव्या हातात आपला फोन घेऊन सगळीकडे फिरून पाहिलं. गाडीच्या टपावर धरला, झुडपाशी नेला. शेवटी तो पाइपावर चढला आणि हात डोक्याच्या वर नेला. तिथं नेटवर्कची एक रेघ आली. हात छातीपाशी आणला की गेली. वर नेला की आली.

त्यांनी स्पीकरवर हॉस्पिटलला फोन लावला. तो पाइपावर, हात आभाळात, आणि मेधा खाली, मान वर करून. पलीकडे कुणी एक बाई होती, प्रेमळ आवाजाची. ओह डिअर, म्हणाली, होल्ड ऑन. मग परत आली. पॅनेल आत्ता मोकळं आहे, मधला उमेदवार आलेला नाही. तीननंतर डॉक्टरांना ऑपरेशनला जायचंय आणि निर्णय आजच करायचाय. प्रत्यक्ष नाही तर निदान फोनवर बोलशील का, आत्ता लगेच?

"हो," मेधा म्हणाली. या वेळी तिने पहिल्याच बोलावण्याला हो म्हटलं.

तिने केस मागे सारले. पिवळी बाही कोपरापर्यंत दुमडली, जणू ते तिला पाहणार होते. सोहमने पाय फाकवून तोल सावरला. भाजलेल्या हाताने धरणं शक्य नव्हतं, डावा हात एव्हाना भरून आला होता, पण तो हलला नाही. आज त्याला करण्यासारखं एवढंच उरलं होतं.

पलीकडून एका पुरुषाचा आवाज आला, मग एका बाईचा. कुठं शिकलात, इतकी वर्षं काय केलंत. मेधा वृद्धाश्रमाबद्दल बोलली. अडखळली, सावरली. आवाज मधूनच तुटत होता, ते "सॉरी, से दॅट अगेन?" म्हणत होते, ती पुन्हा सांगत होती. मग त्या बाईने विचारलं, सहा वर्षांच्या मुलीला पोटात दुखतंय म्हणून आई तिला रात्री घेऊन येते. आई घाबरली आहे, तुमच्यावर चिडली आहे. तुम्ही सुरुवात कुठून कराल?

तेवढ्यात मागून रोड ट्रेन आली, एकामागे एक तीन डबे ओढणारा तो लांबलचक ट्रक. सगळा मुलूख थरथरला. मेधाने आवाज चढवला आणि ती बोलत राहिली. धूळ उडाली, पाइपाला हादरा बसला, सोहमने तोल जाऊ नये म्हणून गुडघे वाकवले. ट्रक गेला. त्याने मान वर करून फोनकडे पाहिलं.

फोनच्या पडद्यावर नुसतं घड्याळ होतं. वरच्या कोपऱ्यातली रेघ नव्हती.

खाली मेधा बोलत होती. "आधी मी आईला बसायला खुर्ची देईन," ती इंग्रजीत सांगत होती. "मुलीला हात लावण्याआधी आईला विचारेन, की तिला कशाची भीती वाटतेय. बहुतेक वेळा आईला ठाऊक असतं. मग मुलीला विचारेन, कुठं दुखतं ते तुझ्या बोटाने दाखव. माझ्या नाही, तुझ्या." ती पुढे तपासणीचं बोलली, रक्ताचं, अपेंडिक्सचं, कोणत्या खुणा दिसल्या तर क्षणभरही थांबायचं नाही त्यांचं. वाक्यं एकापाठोपाठ येत होती, कुठं अडत नव्हती. "आणि मला जे अजून माहीत नाही, ते मी आईपासून लपवणार नाही. माहीत नाही असं सांगेन, आणि ते कळेपर्यंत इथंच थांबेन असंही सांगेन."

सोहमने तिला इतकं सुरेख बोलताना कधी ऐकलं नव्हतं. तिला थांबवायला हवं, हे त्याला कळत होतं. एक शब्द पुरे होता. तो तोंडात आला आणि त्याने गिळला. हात तसाच वर राहिला.

"थँक यू," मेधा शेवटी म्हणाली, आणि वाट पाहत राहिली. तिचे डोळे चमकत होते. शेतावरून एक कावळा ओरडत गेला.

"हॅलो?" ती म्हणाली. मग हळू आवाजात, मराठीत, "सोहम, ते काही बोलत का नाहीयेत?"

त्याने पुन्हा एकदा वर पाहिलं, जणू आत्ताच पाहतोय. "नेटवर्क गेलं."

"कधी?"

"आत्ता. तू थँक यू म्हणालीस ना, तेव्हा."

"म्हणजे उत्तर ऐकलं त्यांनी."

"ऐकलं."

तिने श्वास सोडला. चार पावलं गाडीकडे गेली, परत आली. "बरं झालं ना रे?"

"फार चांगलं झालं."

"मला वाटलंच. शेवटी शेवटी मला भीतीच वाटेनाशी झाली." ती हसली, मग तिची नजर बाहीवर गेली आणि तिने घडी उलगडून, थुंकी लावून, डाग बोटाने घासून पाहिला. डाग आणखी पसरला. "लावतील परत फोन, नाही का? थँक यू म्हणायला तरी?"

"लावतील."

"मग उतर आता. हात दुखत असेल."

"असू दे. रेघ आली की येईल फोन."

मेधा गाडीच्या सावलीत जाऊन बसली. तिने डबा उघडला, उरलेलं थालीपीठ दोन सारख्या तुकड्यांत मोडलं, एक तुकडा झाकणावर त्याच्यासाठी काढून ठेवला आणि आपला खाऊ लागली. सकाळपासून पहिल्यांदाच ती नीट खात होती.

सोहम उतरला नाही. हात खाली घेतला की ती फोन मागेल आणि कॉल किती वेळ चालला होता, कधी तुटला, ते पाहील. तो तसाच उभा राहिला, हात आभाळात धरून, आणि त्याच्या पायाखालून पर्थचं पाणी कालगुर्लीकडे चाललं होतं.